वर्गातला खोकला आणि शंभर टक्के हजेरी

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र आले. पत्राचा मजकूर थोडक्यात असा : पावसाळा सुरू झाला की निम्मा वर्ग खोकत असतो. २०२० सारखी महामारी पुन्हा आली तर काय, अशी पालकांना धास्ती वाटते. माजी विद्यार्थ्यांनी काही रक्कम देऊ केली आहे, तिच्यातून जंतुनाशक फवारणीचे यंत्र घ्यावे असा संस्थेचा विचार आहे, तरी कोणते घ्यावे ते कळवावे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून लिहिले आहे की, यंदा शाळेने शंभर टक्के उपस्थितीसाठी सायकल बक्षीस ठेवली असून त्यामुळे हजेरी चांगलीच सुधारली आहे.

प्रश्न यंत्राचा होता, पण मी अडकलो त्या सायकलीपाशी. त्याचे कारण पुढे येईलच.

यंत्राचे उत्तर आधी देऊन टाकतो. घेऊ नका. २०२० साली आपण फवारण्या पुष्कळ पाहिल्या. रस्त्यावर, एस.टी. स्टँडवर, काही ठिकाणी तर माणसांच्या अंगावरसुद्धा पाणी उडवले गेले. माणसांवर असे फवारे मारू नयेत असे केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२० मध्येच कळवले होते आणि बंद खोल्यांत सरसकट फवारणी करण्याचीही शिफारस नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी मे महिन्यात सांगितले. रविवारी बाकांवर फवारा मारला आणि सोमवारी अकरा वाजता तिसऱ्या बाकावरचा मुलगा खोकला, तर रविवारच्या फवाऱ्याचा उपयोग काय? फ्ल्यू काय किंवा कोरोना काय, हे आजार मुख्यतः एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातात. बाक, दाराची कडी, नळाची तोटी यांवरूनही हाताला विषाणू लागतो आणि तोच हात नाकाडोळ्यांना गेला की आत शिरतो, हे खरे. त्यासाठी साबण आणि पाणी पुरते.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा श्वासाच्या बहुतेक आजारांबाबत थेंबांचाच धडा होता. खोकला-शिंकेतून थेंब उडतात, ते तीन ते सहा फुटांच्या आत खाली पडतात, म्हणून तेवढे अंतर ठेवावे. कोरोनाच्या काळात आम्हा डॉक्टरांना हा धडा बराच दुरुस्त करून घ्यावा लागला. मोठे थेंब खाली पडतात हे बरोबर, पण त्यांच्याबरोबर अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे कणही बाहेर पडतात आणि ते हवेत तरंगत राहतात. वाचकांना हे समजायला प्रयोगशाळा नको. सून स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी देते आणि ठसका लागतो ओसरीवर बसलेल्या सासूला. फोडणीचा एकही थेंब ओसरीपर्यंत उडालेला नसतो. दार उघडे असेल, वारा असेल तर ठसका लवकर जातो. दार बंद असेल तर अख्खे घर खोकते.

शाळेत असे घडते याचा जुना पुरावा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका प्राथमिक शाळेत १९७४ साली गोवराची साथ आली. दुसरीतल्या एका मुलीपासून २८ मुलांना गोवर झाला आणि ही मुले १४ निरनिराळ्या वर्गांत बसणारी होती. त्या इमारतीत यंत्राने हवा खेळवलेली होती आणि तीच हवा पुन्हा पुन्हा वर्गावर्गांत फिरत होती. गोवराचा विषाणू फ्ल्यूपेक्षा कितीतरी अधिक पसरणारा आहे हे लक्षात ठेवले, तरी हवेची वाट तीच.

आता आपल्या शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. एका खोलीत पन्नास-साठ मुले. पाऊस असल्यामुळे वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावलेल्या. वरचे झरोके कबुतरे येतात म्हणून पुठ्ठ्याने बंद केलेले. आणि गुरुजी सगळ्या वर्गाकडून एका सुरात पाढे म्हणवून घेत आहेत! नुसत्या श्वासापेक्षा बोलताना आणि बोलण्यापेक्षा मोठ्याने ओरडताना किंवा गाताना हे बारीक कण अधिक बाहेर पडतात. पाढे म्हणू नयेत असे मी म्हणत नाही, मीही ते असेच पाठ केले. पण साथीच्या दिवसांत ते व्हरांड्यात किंवा चिंचेखाली म्हणावेत.

वर्गाइतकीच वाईट जागा म्हणजे शाळेची रिक्षा. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे सोडलेले, आत दहा-बारा मुले एकमेकांच्या मांडीवर, आणि असा प्रवास वीस मिनिटे जाताना व वीस मिनिटे येताना. वेगवेगळ्या वर्गांतल्या, वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या मुलांची रोज दोनदा गाठ घालून देणारी याहून पक्की सोय विषाणूला मिळायची नाही.

बंद जागेत एकत्र राहणाऱ्या मुलांत साथ किती पसरू शकते, याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यातले आहे. २००९ साली स्वाइन फ्ल्यू नावाने ओळखली गेलेली महामारी आली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी ती जाहीर केली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुले तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पथकाने जुलैअखेरपर्यंत तिचा अभ्यास केला. शाळेत मुले व कर्मचारी धरून ४१५ माणसे होती. त्यांपैकी २९५ जणांना फ्ल्यूसारखा आजार झाला, म्हणजे शंभरात एकाहत्तर! हे सगळेच नव्या विषाणूचे रुग्ण नव्हते, इतर विषाणूही फिरत होते. म्हणून पथकाने रक्त तपासले. नव्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये शाळेतल्या ५२ टक्के लोकांच्या रक्तात मिळाली. बाहेरच्या वस्तीत हेच प्रमाण ९ टक्के होते.

५२ आणि ९ हे दोन आकडे वाचकांनी जरा शेजारी ठेवून पाहावेत. गाव तेच, महिना तोच, पाऊसही तोच. फरक एकत्र झोपण्या-जेवण्याचा, एका खोलीत तासन्‌तास बसण्याचा. पाचगणीचा जून-जुलै ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको की तिथे त्या दिवसांत खिडकी उघडी ठेवणे किती कठीण असते. धुके सरळ अंथरुणात येते.

त्या साथीत शाळकरी मुले व तरुणच जास्त सापडले. साठीच्या पुढच्या पुष्कळांना लहानपणी त्याच कुळातला जुना विषाणू भेटून गेलेला होता, त्याची थोडी शिदोरी त्यांच्या शरीरात शिल्लक होती. मुलांपाशी ती नव्हती. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्ल्यूने देशात झालेला तो पहिला मृत्यू. त्यानंतरचे दिवस आठवतात का? तोंडाला रुमाल, गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या, आणि पुण्याच्या शाळा-कॉलेजांना सुट्टी मिळाल्यामुळे एस.टी.ने गावी परतलेली मुले.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला सोळा-सतरा वर्षे लागली.

सप्टेंबर २००९. गणपती उठून आठ-दहा दिवस झाले होते. सातवीतल्या एका मुलाला घेऊन त्याचे वडील दवाखान्यात आले. मुलगा दोन दिवसांपूर्वी ताप-खोकल्याने माझ्याकडेच येऊन गेला होता. वडील म्हणाले, "डॉक्टर, ताप न्हाई आता. घटक चाचणी हाय उद्यापासनं. शाळेत फिट असल्याचा कागद मागत्यात." मी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. बाहेर तीस-चाळीस पेशंट बसलेले. मी 'शाळेत जाण्यास योग्य' असे लिहून सही ठोकली आणि पुढच्याला आत बोलावले.

एक प्रश्न मी विचारला नाही. सकाळी तापाची गोळी दिली होती का? दिलेली होती. हे मला नंतर मुलाच्या आईकडून कळले. तिचा काही दोष नाही. गोळी मीच लिहून दिली होती आणि ती दिवसातून तीनदा द्यावी असेही मीच सांगितले होते.

पुढच्या आठ दिवसांत त्या वर्गातली चौदा मुले माझ्याकडे आली. एके रात्री केसपेपर घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की, चौदांपैकी पाच मुले त्या मुलाच्याच रिक्षातून येत होती. पंधराव्या पेशंट त्यांच्या वर्गशिक्षिका होत्या. सातवा महिना चालू होता. गरोदरपणात फ्ल्यू, आणि त्यातही त्या वर्षीचा फ्ल्यू, फार धोक्याचा होता. बाईंना दोन दिवसांत न्यूमोनिया झाला, पुण्याला हलवावे लागले, व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. बाई वाचल्या. बाळ वाचले नाही.

त्या दिवसांत विषाणू गावात चहूकडे होता. बाजारात होता, एस.टी.त होता, आरतीच्या गर्दीतून आलेला होता. तेव्हा हे सारे माझ्या त्या कागदामुळेच झाले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तसे झाले नाही, असे मलाही सिद्ध करता येत नाही.

यातले शास्त्र साधे आहे. फ्ल्यूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोनच. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो. हा दिवस कोणाच्याच हातात नाही. कोरोनात तर असे दोन दिवस असू शकतात. पण त्यानंतरचे तीन-चार दिवस, जेव्हा नाकाघशात विषाणू भरपूर असतो, ते आपल्या हातात असतात. मोठी माणसे साधारण पाच ते सात दिवस विषाणू बाहेर टाकतात, लहान मुले त्याहून अधिक काळ. पॅरासिटामॉलच्या गोळीने ताप उतरतो, अंग हलके होते, मूल खेळू लागते. विषाणूवर मात्र तिचा काडीइतकाही परिणाम होत नाही. गोळी देऊन शाळेत पाठवलेले मूल हे आजारी दिसत नसलेले आजारी मूल असते, आणि अंथरुणात पडलेल्या मुलापेक्षा तेच अधिक जणांत मिसळते.

त्या वर्षापासून मी एकच नियम ठेवला आहे. तापाची गोळी न घेता पूर्ण चोवीस तास ताप नसेल आणि खोकलाही उतरणीला लागला असेल, तरच कागद मिळेल. यावरून पालक रागावतात. एक-दोघे शेजारच्या डॉक्टरांकडे जाऊन कागद घेऊनही येतात.

मुख्याध्यापकांच्या सायकलीपाशी मी का अडकलो ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. वर्षभर एकही दिवस न चुकवलेला मुलगा फेब्रुवारीत तापला तर तो काय करील? गोळी घेईल आणि येईल. त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो. हजेरीचे महत्त्व मला कळत नाही असे नाही. शेतीच्या कामाला, धाकट्या भावंडाला सांभाळायला मुले घरी ठेवली जातात, त्यावर बक्षिसाचा उपाय लागू पडतो. पण आजारपणाची रजा त्यातून वगळायला हवी. डॉक्टरचा कागद असो वा नुसती आईबापांची चिठ्ठी असो, तो दिवस हजेरीत गैरहजर धरू नये आणि त्या दिवशी चुकलेली चाचणी नंतर घ्यावी. कागदासाठी दवाखान्यात चक्कर मारायला लावणे म्हणजे त्या मुलाला आणखी तीस-चाळीस माणसांत नेऊन बसवणे होय.

मुलाला झालेला फ्ल्यू बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत बरा होतो, मग एवढा बाऊ कशाला, असे कोणी विचारील. बाऊ घरच्यांसाठी. मूल शाळेतून येते ते थेट आजीच्या मांडीवर. या बाबतीत जपानचा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिथे १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्ल्यूची लस देत असत. १९८७ मध्ये सक्ती सैल झाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच थांबला. पुढे संशोधकांनी मृत्यूंचे आकडे काढून पाहिले, तर कार्यक्रम जोरात असताना हिवाळ्यातले जादा मृत्यू, मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचे, बरेच घटलेले होते आणि तो थांबल्यावर ते पुन्हा वाढले. सुमारे ४२० मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळत होता, असा त्यांचा अंदाज. लस नातवाला आणि आयुष्य आजोबांना! आपल्याकडे ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही आणि ती दरवर्षी घ्यावी लागते, त्यामुळे सर्वांनी घ्यावी असे मी म्हणणार नाही. घरात दमेकरी, मधुमेही, हृदयविकाराचे वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल तर निदान त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

कोरोनाचे वागणे थोडे निराळे होते. २०२० मध्ये तो मुलांपेक्षा मोठ्या माणसांनीच घरात अधिक आणला आणि मुलांना त्याचा त्रास बहुधा सौम्यच झाला. तेव्हा प्रत्येक साथीत शाळाच मूळ असते असे समजू नये.

शाळा बंद करावी का, हाही प्रश्न मुख्याध्यापकांनी समासात लिहिला आहे. साथ नुकतीच शिरली असेल आणि एखाद्या तुकडीतली बरीच मुले एकदम आजारी पडली असतील, तर ती तुकडी काही दिवस घरी ठेवण्यात अर्थ आहे. आरोग्य केंद्राला कळवून, त्यांच्या सल्ल्याने तसे करावे. अख्खी शाळा दीर्घकाळ बंद ठेवण्याची किंमत मात्र आपण पाहिली आहे. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. पावणेदोन वर्षे! माझ्या दवाखान्यात त्या काळात अक्षरे विसरलेली मुले आली, खिचडी तुटल्यामुळे वजन घटलेली आली, आणि नववीतल्या दोन मुली गळ्यात मंगळसूत्र घालून आल्या. शाळा बंद असतानाही मुले घरात थोडीच बसतात? ती क्लासला जातात, लग्नाला जातात, आत्याकडे राहायला जातात.

घरी ठेवलेल्या मुलाचे काय करायचे? विश्रांती, भरपूर पाणी, पेज, वरण-भात, आणि तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुलांना फ्ल्यूमध्ये देऊ नये, त्यातून क्वचित यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, तेव्हा "इंजेक्शन द्या, लवकर बरा होऊ दे" असा आग्रह कृपया धरू नका. मूल स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला तीसहून जास्त श्वास घेत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, ते पाणी पीत नसेल, गुंगीत असेल, किंवा उतरलेला ताप एक-दोन दिवसांनी पुन्हा जोराने चढला असेल, तर मात्र रात्र असली तरी थांबू नये. दमा असलेल्या मुलाला आणखी लवकर दाखवावे.

मुख्याध्यापकांना मी वेगळे पत्र पाठवले आहे. यंत्राच्या पैशांतून सर्व खिडक्यांवर पत्र्याचे छज्जे करून घ्यावेत, म्हणजे पावसातही समोरासमोरच्या निदान दोन-दोन खिडक्या उघड्या ठेवता येतील. झरोक्यांतले पुठ्ठे काढून तारेची जाळी बसवावी, कबुतरे येणार नाहीत. ज्या दोन खोल्यांना एकाच बाजूला खिडकी आहे तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करून दारे सताड उघडी टाकावीत. नळापाशी साबण ठेवावा आणि तो रोज नाहीसा होतो म्हणून ठेवणे बंद करू नये. महामारी आलीच तर मास्कचाही उपयोग होतो, पण तो नाकावर असेल तर, हनुवटीवर नव्हे. रिक्षावाल्यांशी एकदा बसून बोलावे, पडदा निदान एका बाजूचा उघडा राहिला तरी पुष्कळ.

सायकल परत करू नये. तिच्यासाठी मी धावण्याची शर्यत सुचवली आहे.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील चिखल्या)